आमच्या घराची इयत्ता

गेली अठ्ठावीस वर्षे आम्ही महाविद्यालयात अध्यापन करीत आहो, आणि या अवधीत दुसऱ्यांस श्रेणी देण्याचे काम इतके अंगवळणी पडले आहे की, कोणी आम्हांसही एखाद्या श्रेणीत बसवील ही कल्पना आमच्या मनास कधी शिवलीच नाही. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात तांबडा आकडा लिहिला की आमचे कर्तव्य संपते; त्या आकड्याने कोणाचे वर्ष जावयाचे असेल तर ते जाते. काही विद्यार्थी मात्र मुकाट्याने सोसणारे नसतात. ते पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतात. असा अर्जदार समोर आला म्हणजे आम्हांस थोडा राग येतो, थोडे हसू येते, आणि आम्ही त्यास न चुकता बजावतो, “बाबा रे, गुण वाढतीलच असे नाही, कमीही होतील.” हे वाक्य आम्ही आजवर शेकडो वेळा उच्चारले असेल, परंतु त्याचा अर्थ आम्हांस कळला तो गेल्या वर्षी, आमच्याच घरास एक श्रेणी मिळाली तेव्हा.

गेल्या वर्षी आमच्या शहरातील मिळकतींची नव्याने मोजणी झाली. हातात यंत्र घेतलेली दोन तरुण मुले एके दिवशी आमच्या आळीतून हिंडून गेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. आम्ही त्या वेळी वर्गात होतो. त्यानंतर काही महिन्यांनी महापालिकेची नोटीस आली. प्रत्येक विभागात घराच्या बांधणीवरून निरनिराळे वर्ग पाडलेले असतात, आणि ज्या वर्गात घर पडेल त्याप्रमाणे दर चौरस फुटास दरमहा अमुक भाडे येऊ शकेल, असे धरून करपात्र मूल्य काढतात. नोटिशीत लिहिले होते: क्षेत्र 900 चौरस फूट, वापर निवासी, बांधकाम आर. सी. सी.; दर अडीच रुपये. म्हणजे महिन्याचे 2,250 रुपये, वर्षाचे 27,000, त्यातून शेकडा दहा वजा जाता करपात्र मूल्य 24,300 रुपये. आणि सर्व कर मिळून त्याच्या शेकडा चाळीस, म्हणजे वर्षास 9,720 रुपये. कोणास तक्रार करावयाची असल्यास ती पंधरा दिवसांच्या आत लेखी करावी, असे खाली नेहमीच्या कोरड्या भाषेत छापले होते.

ती नोटीस वाचून आम्हांस प्रथम जो आनंद झाला तो कबूल केला पाहिजे. आमचे घर आर. सी. सी.! ज्या घरास 1941 साली आमच्या आजोबांनी भाजक्या विटा मातीत बसवून उभे केले, ज्याच्या छतास सागवानी तुळया व कडीपाट आहे, ज्याच्या भिंतीत खिळा ठोकू गेले असता खिळ्याऐवजी मातीच बाहेर येते, ते घर काँक्रिटच्या घरांच्या पंक्तीस जाऊन बसले! एखाद्या काठावर उत्तीर्ण होणाऱ्या मुलास प्रथम वर्ग मिळाल्याचे पत्र यावे, तसे आम्हांस वाटले. पण या प्रथम वर्गाचे शुल्क दरसाल आपणांसच भरावयाचे आहे, हे लक्षात येताच आनंद ओसरला. मातीविटांच्या घरास त्याच विभागात दर दीड रुपयाच होता.

ही चूक झाली कशी, याचा विचार करिता दोष मोजणाऱ्या मुलांकडे न जाता आमच्याचकडे आला. सहा वर्षांपूर्वी आमच्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. पाहुणे येणार, घर पाहणार. तेव्हा दर्शनी भिंतीच्या उघड्या पडलेल्या विटा आणि पावसाने झिजलेले कोपरे आम्हांस एकाएकी डोळ्यांत सलू लागले. आम्ही मिस्त्री बोलावून सबंध दर्शनी भागास सिमेंटचा गिलावा करविला, आणि दाराच्या दोहो बाजूंस काँक्रिटच्या खांबांसारखे दिसणारे दोन खोटे खांबही काढून घेतले. काम झाल्यावर मिस्त्री दोन पावले मागे सरून म्हणाला, “साहेब, आता कोणी ओळखायचं नाही.” त्याचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. पाहुण्यांनी ओळखले की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, कारण त्यांनी मुलगी पाहिली, घर पाहिलेच नाही. परंतु कर-आकारणी करणाराने मात्र ओळखले नाही. जगापुढे मोठे दिसावे म्हणून आम्ही जो गिलावा केला, तो जगात एकट्या महापालिकेनेच मनावर घेतला.

तक्रार करावी म्हणून आम्ही कायदा वाचावयास बसलो. मुंबई शहराचा महापालिका कायदा 1888 सालचा व स्वतंत्र आहे. राज्यातील इतर महापालिका 1949 सालच्या कायद्याने चालतात. या दुसऱ्या कायद्याच्या कराधानविषयक नियमांत एक विलक्षण व्यक्ती आम्हांस भेटली. घर वर्षानुवर्षाच्या कराराने भाड्याने दिले असता वाजवीपणे जे भाडे येण्याची अपेक्षा करता येईल, त्यातून दुरुस्ती आणि इतर सर्व बाबींबद्दल शेकडा दहा वजा करून करपात्र मूल्य ठरवावे, असा तो नियम आहे. म्हणजे जो मनुष्य आपल्या घरात आपणच राहतो, त्यानेही आपल्या घरी एक भाडेकरू राहावयास येत आहे अशी कल्पना करावयाची! हा कल्पित भाडेकरू मोठा समंजस आहे. तो घराच्या मोहात पडत नाही, हट्टाने अधिक देत नाही, आणि घरमालकास नाडीतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली दिल्लीच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, भाडेनियंत्रणाचा कायदा लागू असेल तेथे मालक स्वतः राहत असला तरी या कल्पित भाडेकरूने त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाणित भाड्याहून अधिक द्यावे असे धरता येणार नाही. पुढे मुंबईत 2010 सालापासून या भाडेकरूस निरोप देण्यात आला, आणि घराच्या भांडवली मूल्यावर कर बसू लागला. आमच्याकडे मात्र तो अद्याप नांदतो आहे. त्या दिवसांत आम्ही घरातून हिंडताना तो आमच्या मागून हिंडत असल्याचा आम्हांस भास होई. माजघरात अंधार आहे, हे त्याने पाहिले. न्हाणीघराचे दार लागत नाही, तेही पाहिले. जेथे आमच्या आजीचे देव्हाऱ्यासमोर बसण्याचे स्थान होते, तेथे त्यास केवळ ओल दिसली.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी घर मोजण्याची ही रीत आमच्याच देशात आहे असे नाही. आमचा एक जुना विद्यार्थी हल्ली इंग्लंडात असतो. त्यास आम्ही सहज ही हकीकत कळविली, तेव्हा त्याने तिकडची पद्धती लिहून पाठविली. त्या देशात 1990 साली घरपट्टीऐवजी डोईपट्टी बसविण्याचा प्रयोग झाला. लोक इतके खवळले की, त्याच वर्षाच्या मार्चअखेर लंडनात मोठी दंगल झाली, आणि 1993 साली डोईपट्टी जाऊन नवी घरपट्टी आली. तीत प्रत्येक घर आठांपैकी एका वर्गात घालतात. वर्ग ठरतो तो आजच्या किमतीवरून नव्हे, तर 1 एप्रिल 1991 रोजी ते घर किती किमतीस विकले गेले असते यावरून! त्या दिवशी जे घर बांधलेलेही नव्हते, त्याचीही त्या दिवसाची किंमत कल्पावयाची. आमच्याकडे कल्पित भाडेकरू, तिकडे कल्पित तारीख. वरच्या वर्गातील घरास खालच्या वर्गाच्या तिप्पट कर पडतो. श्रीमंताचे घर दरिद्र्याच्या घराहून कितीही पट मोलाचे असो, कर तिपटीच्या पलीकडे जात नाही. वर्ग चुकला असे वाटल्यास तक्रार करता येते, परंतु, विद्यार्थ्याने पुढे लिहिले होते, “सर, तक्रार करणाऱ्याचा वर्ग खाली येण्याऐवजी वरही जाऊ शकतो, आणि कधी कधी त्याच्याबरोबर शेजाऱ्याचाही. म्हणून पुष्कळ लोक गप्प बसतात.” आमचेच वाक्य समुद्रापलीकडून आमच्याकडे परत आले होते.

करापायी मनुष्य आपल्याच घराशी कसा वागतो, याचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडात 1696 सालापासून 1851 सालापर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. तो चुकविण्याकरिता लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या, आणि तशा बुजविलेल्या खिडक्या तेथील जुन्या घरांस आजही दिसतात. कर वाचला, उजेड गेला. याच्या उलट उदाहरण आमच्या देशातले. 1810 साली कंपनी सरकारने घरांवर कर बसविला, तेव्हा काशीच्या लोकांनी दुकानांस कुलपे लावली, घरे सोडली आणि ते शहराबाहेर मैदानात जाऊन बसले. थंडीच्या दिवसांत सहस्रावधी माणसे आठवडेच्या आठवडे उघड्यावर बसून राहिली. आणि 1812 साली सरकारास तो कर मागे घ्यावा लागला. घरासाठी घराबाहेर पडणारे ते काशीकर, आणि घरासाठी घर काळोखे करणारे ते इंग्रज! आम्ही मनातल्या मनात आपली गणना अर्थात काशीकरांत करून टाकली, आणि तक्रारीचा मसुदा लिहावयास घेतला.

मसुदा उत्तम वठला होता. ‘सदरहू इमारतीचे बांधकाम भाजक्या विटा व माती यांचे असून छत लाकडी आहे, दर्शनी भागास केलेला सिमेंटचा गिलावा केवळ वरपांगी असून त्यायोगे इमारतीचा प्रकार बदलत नाही.’ हे वाक्य लिहिताना आम्हांस किंचित लाज वाटली खरी. कारण घर मोठे दाखविण्यास जो हात पुढे झाला होता, तोच आता ते लहान दाखवीत होता. तरीपण वाक्य खरे होते. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तो मसुदा सौभाग्यवतींस वाचून दाखविला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला, आणि ताटे उचलता उचलता एवढेच विचारले, “अहो, आणि माडीचं काय?”

वाचकहो, माडीविषयी आम्ही आतापर्यंत काही बोललो नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ते आमच्याही लक्षात होते. नोटिशीत क्षेत्र 900 चौरस फूट लिहिले होते, ते तळमजल्याचे. मागच्या बाजूस, स्वयंपाकघराच्या डोक्यावर, रस्त्यावरून न दिसणारी एक खोली आहे: बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब, वर पत्रे. ती आमच्या वडिलांनी 1985 साली बांधली. वडील एका कचेरीत कारकून होते. त्या वर्षी आम्ही शालान्त परीक्षेस बसावयाचे होतो. घरात आजी आजारी, दोन आत्या माहेरी आलेल्या, धाकटी भावंडे. अभ्यासास कोपरा म्हणून नव्हता. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढले, आणि उन्हाळ्याच्या सुटीत एक गवंडी व दोन गडी लावून ती खोली उभी केली. विटा वाहण्यास ते स्वतः सायंकाळी कचेरीतून आल्यावर हात लावीत. नकाशा मंजूर करून घेण्यास वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. परीक्षा मार्चात होती. कचेरीत आयुष्यभर नियमावर बोट ठेवून वागलेल्या त्या मनुष्याने नियमाविरुद्ध केलेली अशी ती एकच गोष्ट, आणि ती आमच्याकरिता केलेली. त्या खोलीची नोंद पुढे कधी झाली नाही, तिच्यावर कर कधी बसला नाही. आमची शालान्त परीक्षा, पदवी, पदव्युत्तर पदवी, सर्व त्या पत्र्यांखाली झाले. हल्ली तेथे जुने अंक, मोडक्या खुर्च्या, वडिलांची सायकल, आणि लग्नातल्या मोठ्या पातेल्यांची उतरंड असते.

तक्रार केली तर पाहणी होणार. पाहणी झाली तर माडी सापडणार. नोंद नसलेले बांधकाम सापडले म्हणजे मागील बाकी निघते, शास्तीचे भय असते, आणि वडिलांच्या माघारी त्यांच्या हातून झालेले काम ‘अनधिकृत’ या शब्दाखाली लिहिले जाते. आम्ही गणित मांडून पाहिले. माडी लपवून वर्ग बदलून मिळाला, तर 900 फुटांवर दीड रुपयाप्रमाणे करपात्र मूल्य 14,580 होणार. माडी सांगितली, तर क्षेत्र 1,080 फूट होऊन ते 17,496 होणार. दोहोंतील अंतर 2,916. त्याचे शेकडा चाळीस म्हणजे 1,166 रुपये. आमच्या सत्यनिष्ठेची वार्षिक किंमत इतक्या नेमकेपणाने आम्हांस यापूर्वी कधी कोणी काढून दिली नव्हती. आणि ती इतकी अल्प निघावी, याचेच आम्हांस वाईट वाटले; कारण मोठ्या मोहास बळी पडल्याचे समर्थन करता येते, अकराशे सहासष्ट रुपयांच्या मोहाचे काय समर्थन करावयाचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही ही गोष्ट अर्थशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यापुढे काढली. ते म्हणाले, “तुम्ही अर्जात जे विचारलं आहे तेवढंच लिहा. क्षेत्राबद्दल तुमची तक्रारच नाही. मग ते सांगण्याचं बंधन तुमच्यावर कुठे येतं?” हा युक्तिवाद आम्हांस फार पटला; आणि जो युक्तिवाद फार लवकर पटतो त्याविषयी संशय घ्यावा, असे वर्गात शिकविणारे आम्ही त्याविषयी मुळीच संशय न घेता घरी आलो. मसुदा होता तसाच पाठविला.

सुमारे महिन्याने पाहणीस मनुष्य आला. विशीपंचविशीतला, सौम्य बोलणारा, हातात फीत आणि खांद्यास पिशवी. त्याने सोपा मोजला, माजघर मोजले, स्वयंपाकघर मोजले. बाहेर येऊन त्याने दर्शनी खांबाचा एक कोपरा नखाने खरवडला, आम्हीही आमच्या जवळची कानस त्याच्या हाती दिली. गिलाव्याची खपली निघाली, आणि आत आजोबांची वीट व तिच्याभोवतीची पिवळी माती दिसू लागली. “बरोबर आहे सर,” तो म्हणाला, “हे काही आर. सी. सी. नाही.” आम्हांस जिंकल्यासारखे झाले. सौभाग्यवतींनी चहा आणला. चहा पिता पिता त्याची दृष्टी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या लाकडी जिन्याकडे गेली, आणि त्याने अगदी सहज विचारले, “वर काय आहे?”

आम्ही म्हणालो, “अडगळ.”

त्याने मान हालविली, कागद पिशवीत घातले, चहाबद्दल आभार मानले, आणि तो गेला. आमचे उत्तर शब्दशः खोटे नव्हते. वर अडगळच होती. एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते तर त्याच्या चातुर्याबद्दल आम्ही कदाचित अर्धा गुण दिलाही असता. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपबशा उचलल्या, आणि जिन्याची खालची पायरी, जी त्या रोज संध्याकाळी पुसतात, ती त्या वेळी दुपारीच पुसून काढली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कर बुडविल्याची टोचणी होती, असे म्हटले तर ते आत्मस्तुतीचे होईल. टोचत होता तो शब्द. ज्या मनुष्याने कचेरीतून थकून आल्यावर खांद्यावर विटा वाहिल्या, त्याच्या त्या खोलीस आम्ही परक्या मनुष्यासमोर अडगळ म्हटले होते. नियमाविरुद्ध बांधली म्हणून वडिलांची जी नाचक्की होईल अशी आम्हांस भीती वाटत होती, ती महापालिकेने केली नव्हती, ती आम्हीच केली होती. पहाटेच्या सुमारास रस्त्यावर खराट्याचा आवाज येऊ लागला. आळी झाडणारी बाई रोज त्या वेळी येते. वीस वर्षे आम्ही तो आवाज ऐकत आहो. तिचा पगार ज्या कोठीतून होतो, त्या कोठीतून अकराशे सहासष्ट रुपये काढून घेण्याचा आमचा बेत होता, हा विचारही मग त्या आवाजाबरोबर आला. परंतु तो नंतर आला, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

सुनावणीची तारीख कळविण्यात आली. दालनाबाहेरच्या बाकावर आमच्यासारखे दहापंधरा तक्रारदार बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर कागदांचे पुडके, आणि प्रत्येकजण शेजाऱ्यास आपले घर किती जुने, किती गळके, किती अंधारे आहे ते सांगत होता. घरांच्या निंदेचे असे संमेलन आम्ही कधी पाहिले नव्हते. एरवी हीच माणसे पाहुण्यांस दाराशी उभे करून घराची स्तुती ऐकवीत असतील, यात शंका नाही; आम्हीही त्यांतलेच.

आमचा पुकारा झाला. अधिकारी चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई होत्या. त्यांनी पाहणीचा कागद वाचला आणि म्हणाल्या, “तुमचं म्हणणं बरोबर आहे. वर्ग बदलतो. आणखी काही?” बहुधा तो केवळ शिष्टाचाराचा प्रश्न होता; त्यांचा हात पुढच्या कागदाकडे गेलाही होता.

“आणखी एक आहे,” आम्ही म्हणालो. “माडीवर एक खोली आहे. बारा बाय पंधरा. आमच्या वडिलांनी 1985 साली बांधली. ती आपल्या कागदावर नाही.”

त्यांनी मान वर केली. आमच्या या कबुलीने त्यांस गहिवर वगैरे काही आला नाही. आला असेल तर थोडा कंटाळा, कारण निकाली निघालेला कागद पुन्हा उघडावा लागला. “मग अर्जात का नाही लिहिलं?” त्यांनी विचारले. या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पदवी-परीक्षेच्या तोंडी चाचणीत अशाच प्रश्नांपुढे गप्प उभी राहिलेली कितीतरी मुले आम्हांस त्या क्षणी आठवली. त्यांनी अधिक छळले नाही. “पुन्हा पाहणी होईल. मागचं काही निघेल ते भरावं लागेल,” एवढे म्हणून त्यांनी शेरा लिहिला. निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांच्या आत, कराची रक्कम आधी भरून, न्यायाधीशाकडे अपील करता येते, हेही त्यांनी नियमाप्रमाणे सांगितले. आम्ही नको म्हणालो.

दुसऱ्या पाहणीस तोच तरुण आला. या खेपेस आम्ही पुढे होऊन त्यास जिन्याने वर नेले. पातेली बाजूस सारून त्याने फीत लावली. खिडकीजवळच्या भिंतीवर, जेथे आमचे टेबल असे, तेथे पेन्सिलीने लिहिलेली एक उजळणी अद्याप होती: भूमितीची दोन प्रमेये, आणि खाली वडिलांच्या अक्षरात परीक्षेच्या सात दिवसांच्या तारखा. त्याने ती वाचली, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता कागदावर लिहिले: 180.

नवा निर्णय हाती आला तो असा: क्षेत्र 1,080 चौरस फूट, दर दीड रुपया, करपात्र मूल्य 17,496, कर सहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव रुपये. पूर्वीच्या आकारणीहून दोन हजार सातशे बावीस कमी. माडी लपविली असती तर जे झाले असते त्याहून अकराशे सहासष्ट अधिक. शास्ती लागली नाही. मागची काही बाकी निघाली, ती आम्ही दोन हप्त्यांत भरली. आमच्या अर्थशास्त्रज्ञ मित्रास हे कळले तेव्हा त्यांनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती प्राध्यापकवर्गात साधारणपणे तत्त्वज्ञानाच्या मंडळींकरिता राखून ठेवलेली असते.

आता पुनर्मूल्यांकनाचे अर्ज आम्हांकडे येतात तेव्हा आम्हांस हसू येत नाही. गुण कमीही होतील, हे आम्ही अर्जदारास अजून सांगतो. सांगणे अवश्यच आहे. परंतु त्याबरोबर त्यास आम्ही समोर बसवून घेतो, आणि उत्तरपत्रिकेत कोठे काय राहून गेले असे त्यास वाटते, ते विचारतो. चुकीच्या मापाविरुद्ध दाद मागणे हा मनुष्याचा हक्क आहे. तो त्याने बजावावा. केवळ आपल्या सोयीचा कोपरा तेवढा मोजा, असे मात्र माप घेणारास सांगता येत नाही, इतकेच आम्ही या प्रकरणात शिकलो.

दर्शनी खांबाचा खरवडलेला कोपरा आम्ही अद्याप बुजविलेला नाही. सौभाग्यवती मधूनमधून आठवण करतात; आम्ही पावसाळ्यानंतर पाहू असे म्हणतो. या वर्षीचे घरपट्टीचे बिल परवा आले. त्यावर प्रथमच छापले आहे: ‘तळमजला व पहिला मजला.’ चाळीस वर्षांनंतर वडिलांची खोली सरकारी कागदावर आली. ते बिल भरून पावती घेतली, आणि पावत्या ज्या पेटीत ठेवण्याची त्यांची रीत होती, त्या पेटीत ती घालण्याकरिता आम्ही माडीवर गेलो.